व्यंगचित्रांतील राष्ट्रमाता

मराठी व्याकरणाला विचारलें तर देश हा पुरुष आहे, राष्ट्र हें नपुंसक आहे, आणि भूमि तेवढी स्त्री आहे. सरकार नपुंसक, कायदा पुरुष, आणि ज्या सत्तेच्या जोरावर हीं दोन्हीं चालतात ती सत्ता पुन्हां स्त्री. व्याकरणाचा हा पसारा बाजूस सारून चित्रकारांनीं मात्र बहुतेक एकमतानें देशाला स्त्रीचें रूप देऊन टाकलें आहे. भक्तीच्या चित्रांत असें व्हावें ह्यांत नवल नाहीं. आम्हांला नवल वाटतें तें व्यंगचित्राचें. थोरामोठ्यांचीं नाकें लांबविणें आणि पोटें फुगविणें हाच ज्याचा धंदा, त्या व्यंगचित्रकाराच्या कागदावर राष्ट्ररूपी स्त्री अवतरली कीं त्याची लेखणी एकाएकीं सोवळी होते. भोंवतालचे पुरुष वेडेवांकडे, आणि मधली ती तेवढी प्रमाणबद्ध! असें कां व्हावें, आणि ह्या आदराची किंमत कोणाला भरावी लागते, हा प्रश्न आम्हांला पुष्कळ दिवस सतावीत आहे.

देशाला स्त्री ठरविण्याची चाल पुष्कळ जुनी आहे. इ. स. ७० सालीं जेरुसलेमचा पाडाव झाल्यावर रोमन बादशहा व्हेस्पेशियन ह्यानें जीं नाणीं पाडलीं, त्यांवर खजुराच्या झाडाखालीं एक स्त्री शोक करीत बसलेली आहे. जिंकलेला ज्युडिया प्रांत तो हाच. ब्रिटानिया हीदेखील प्रथम रोमनांच्याच नाण्यांवर आली, आणि तीही अंकित प्रांताची मूर्ति म्हणून. पुढें दुसऱ्या चार्ल्स राजानें १६७२ सालीं आपल्या तांब्याच्या नाण्यांवर तिला ढाल-भाल्यासह बसविलें, आणि काल अंकित असलेली ती स्त्री विजयी राष्ट्राची देवता झाली. तेव्हां ही युक्ति मूळची जेत्यांची; जितांनीं ती मागाहून उचलली आणि आपल्या कामास लावली.

इंग्रजांनीं ह्यांत एक व्यवहारी तोड काढली. १७१२ सालीं जॉन आर्बथनॉट ह्या विनोदी लेखकानें जॉन बुल नांवाचा गृहस्थ निर्माण केला, आणि व्यंगचित्रकारांनीं त्याला हातोहात उचललें. पोट सुटलेलें, डोकें जरा जड, स्वभाव तापट पण मन भोळें. कराच्या ओझ्याखालीं तो वांकतो, मुत्सद्द्यांकडून फसतो, खातो-पितो आणि कुरकुरतो. देव्हाऱ्यांत ब्रिटानिया आणि ओसरीवर जॉन बुल, अशी ही व्यवस्था. अमेरिकनांनींही पुढें कोलंबिया आणि अंकल सॅम अशीच जोडी जमविली. ह्या वांटणींत एक गोष्ट अशी घडली कीं राष्ट्राचें पावित्र्य स्त्रीच्या वांट्याला आलें आणि राष्ट्राचें नागरिकत्व पुरुषाच्या. कर भरणारा, मत देणारा, चुकणारा आणि आपल्या चुकीवर हंसणारा तो पुरुष. तिनें नुसतें उभें राहावयाचें.

आणि संकट आलें कीं तिनें भोगावयाचें. एप्रिल १७७४ च्या 'लंडन मॅगझिन' मध्यें चहाच्या करावरून अमेरिकेशीं चाललेल्या तंट्यावर एक चित्र आलें. त्यांत अमेरिका ही अर्धवस्त्र स्त्री जमिनीवर पाडलेली असून मुख्य प्रधान लॉर्ड नॉर्थ तिच्या तोंडांत बळेंच चहा ओतीत आहे. एकानें तिचे हात धरले आहेत, दुसऱ्यानें पाय धरले असून तो तिच्या वस्त्राखालीं डोकावतो आहे. शेजारीं ब्रिटानिया तोंड फिरवून डोळे झांकून घेते. अवघ्या दोन महिन्यांत बोस्टनच्या पॉल रिव्हीअरनें हेंच चित्र आपल्या देशबांधवांसाठीं पुन्हां कोरलें. चित्र अमेरिकेच्या बाजूचें आहे ह्यांत शंका नाहीं. तथापि अमेरिकेची बाजू घेण्यासाठीं एका स्त्रीला चौघांत अशी पाडावी लागली, हेंही तितकेंच खरें. हें चित्र वाचकांनीं ध्यानांत ठेवावें; त्याचें काम पुढें पडणार आहे.

हिंदुस्थानच्या वांट्याला हें चित्रशास्त्र ठळकपणें आलें तें १८५७ सालीं. लंडनच्या 'पंच' साप्ताहिकांत २२ ऑगस्टला जॉन टेनियलचें चित्र निघालें: एका गोऱ्या स्त्रीवर व तिच्या अर्भकावर बंगालचा वाघ पडला आहे आणि ब्रिटिश सिंह त्याच्यावर झेंप घेत आहे. तीन आठवड्यांनीं, १२ सप्टेंबरला, 'न्याय' आला. न्याय म्हणजे ग्रीक वेषांतली एक धिप्पाड स्त्री. ती तलवार उगारून शिपायांना तुडवीत चालली आहे आणि एका कडेला हिंदी बायका पोरांना पोटाशीं धरून भीतीनें गोळा झाल्या आहेत. मारणारी स्त्री आणि भ्यालेल्या त्याही स्त्रिया, ही विसंगति टेनियलला जाणवली असेल असें वाटत नाहीं. हाच टेनियल आठ वर्षांनीं 'अ‍ॅलिस'च्या गोष्टीचीं चित्रें काढून जगांतल्या मुलांचा लाडका झाला.

'पंच'चीं हिंदी भावंडें लवकरच जन्मलीं. लखनौस 'अवध पंच', ठाण्यास मराठी 'हिंदु पंच', आणि मुंबईस पारशी मंडळींचें 'पारशी पंच', ज्याचें पुढें बरजोरजी नवरोजी ह्यांच्या संपादकत्वाखालीं 'हिंदी पंच' झालें. इंग्रजी व गुजराती मजकुराचें हें पत्र पहिल्या पिढीच्या काँग्रेसचा चित्रमय इतिहासच आहे. त्यांत लंडनच्या कुबड्या पंचाच्या जागीं देशी पागोट्याचा 'पंचोबा' आला. हा पंचोबा सर्वत्र असतो. लाटसाहेबांशीं बोलतो, डोळे मिचकावतो, टोमणे मारतो. हिंदभूमि मात्र साडी नेसलेली कुलीन स्त्री. ती विनंती करते, वाट पाहते, खिन्न होते, आणि कधीं काळीं एखादी सुधारणा पदरांत पडली तर प्रसन्न होते. थट्टा करणें पंचोबाचें काम, आणि थट्टेपासून दूर राहणें तिचें. जॉन बुल-ब्रिटानियाची जोडी नेसणें बदलून मुंबईच्या बंदरांत उतरली ती अशी.

आपल्याकडे मात्र ह्या जोडींत एक नवी वेदना मिसळली. इंग्रजी लेखक त्या काळीं हिंदी पुरुषाला, विशेषतः शिकलेल्या बंगाल्याला, बायकी ठरविण्याच्या उद्योगास लागले होते. मेकॉलेनें त्याची सुरुवात करून दिलेलीच होती. १८९५ पासून 'पंच'मध्यें अ‍ॅन्स्टी ह्यानें 'बाबू जबरजी, बी. ए.' नांवाचें सोंग उभें करून त्यावर लंडनला पोट धरधरून हंसविलें. ह्या विषयावर मृणालिनी सिन्हा ह्यांनीं १९९५ सालीं एक विद्वत्तापूर्ण इंग्रजी ग्रंथ लिहिला आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ज्या पुरुषाच्या पुरुषत्वावर आळ आला आहे त्याला तो पुसून काढण्यासाठीं संकटांत सांपडलेली एक स्त्री हवी असते. ती सांपडली. १९०५ सालीं बंगालची फाळणी झाली. त्याच सुमारास अवनींद्रनाथ ठाकूरांनीं भगव्या वस्त्रांतली चतुर्भुज भारतमाता रंगविली. तिच्या हातांत पोथी, भाताची लोंबी, जपमाळ व शुभ्र वस्त्र आहे. शस्त्र एकही नाहीं. शस्त्र मुलांनीं धरावयाचें होतें.

महाराष्ट्रांत ही कल्पना कागदापेक्षां रंगभूमीवर अधिक जोरानें उभी राहिली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे 'केसरी'चे लेखक, टिळकांचे सहकारी. त्यांचें 'कीचकवध' १९०७ सालीं रंगभूमीवर आलें. त्यांत कोणाचेंही नांव नव्हतें आणि कोणालाही नांव सांगावें लागलें नाहीं. कीचक म्हणजे कर्झन, कंकभट्टाच्या वेषांतला युधिष्ठिर म्हणजे नेमस्त, बल्लव म्हणजे जहाल भीम, आणि सैरंध्री म्हणजे हिंदभूमि, हें प्रेक्षकांनीं पहिल्याच प्रयोगांत ओळखलें. आमच्या मतें ती मराठींतली त्या काळची सर्वांत मोठी व्यंगचित्रमाला होती. फक्त तिला शाई लागली नाहीं. सरकारनें १९१० सालीं नाटकावर बंदी घातली, आणि त्याच वर्षीं व्हॅलेन्टाइन चिरोल ह्यानें आपल्या 'इंडियन अनरेस्ट' ग्रंथांत ह्या रूपकाची फोड करून इंग्रज वाचकांस सांगितली. रूपक इतक्या काळजीनें वाचणारा टीकाकार मराठी नाटकाला क्वचितच लाभला असेल!

नाटकाच्या गुणांविषयीं आम्हांला शंका नाहीं. तथापि महाभारतांतली द्रौपदी आणि हिंदभूमि झालेली द्रौपदी ह्यांच्यांत काय अंतर पडलें, तें पाहण्याजोगें आहे. व्यासांची द्रौपदी सभेंत रडत बसत नाहीं. युधिष्ठिरानें आधीं स्वतःला पणास लावलें कीं मला, असा कायद्याचा प्रश्न ती विचारते, आणि भीष्मासारख्यालाही त्याचें उत्तर देतां येत नाहीं. विराटाच्या घरीं कीचकानें छळ मांडला तेव्हां रात्रीं पाकशाळेंत जाऊन भीमाला जागें करणारी तीच, आणि कीचकाला नृत्यशाळेंत बोलावून आणणारीही तीच. तिची ही सारी बुद्धि रूपकांत निरुपयोगी ठरते. देश ही जर द्रौपदी, तर प्रेक्षकाला भीम व्हावयाचें असतें. प्रश्न विचारणारी द्रौपदी कोणालाही व्हावयाचें नसतें. नाट्यगृहाच्या सज्जांत बसलेल्या स्त्रियांनीं काय व्हावयाचें, ह्याचें उत्तर रूपकांत नाहीं.

आम्ही राहतों तो बुलढाणा जिल्हा वऱ्हाडांतला. हा मुलूख १८५३ च्या तहानें निजामाकडून इंग्रजांच्या हातीं आला, १९०२ च्या करारानें कायमच्या पट्ट्यानें त्यांचा झाला आणि १९०३ सालीं मध्यप्रांताला जोडला गेला. इतक्या हातांतून फिरूनही त्याला माता वा द्रौपदी केल्याचें आमच्या ऐकण्यांत नाहीं. आमच्याकडची म्हण म्हणजे 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड'. तींत कापूस आहे, काळी जमीन आहे, करुणरस नाहीं. पण ज्या स्त्रीला साऱ्या महाराष्ट्रानें राष्ट्रमाता म्हटलें ती मात्र ह्याच मातींतली. सिंदखेडराजा येथें लखुजी जाधवरावांच्या वाड्यांत १५९८ सालीं जिजाबाईंचा जन्म झाला, आणि दर वर्षीं १२ जानेवारीस तेथें हजारों लोक लोटतात. रस्त्यानें मिळणाऱ्या तसबिरींत जिजाऊ बहुधा एकाच रूपांत असतात: मांडीशीं बाळ शिवबा, हात उपदेशासाठीं उचललेला, मुद्रा प्रसन्न.

ह्या तसबिरीला आम्ही नांवें ठेवीत नाहीं. पण इतिहासांतल्या जिजाबाई तेवढ्यांत मावत नाहींत. १६२९ सालीं त्यांच्या वडिलांना व भावांना निजामशहाच्या दरबारांत दग्यानें मारलें गेलें. सासर एका पक्षाला, माहेर दुसऱ्या पक्षाला, अशा घरांत त्यांनीं राजकारण शिकून घेतलें. पुण्याच्या जहागिरीचा कारभार त्यांनीं पाहिला. १६६६ सालीं शिवाजी महाराज आग्र्यास गेले, तेव्हां मागें राज्याची जबाबदारी ह्या सुमारें अडुसष्ट वर्षांच्या बाईवर होती. मुलगा औरंगजेबाच्या कैदेंत, परत येईल कीं नाहीं ह्याचा भरंवसा नाहीं, आणि इकडे किल्ले, वसूल, कारकून, सरदार सारे सांभाळावयाचे! ह्या प्रसंगाची तसबीर आमच्या पाहण्यांत कधीं आली नाहीं. राजगडावर कागदपत्र ऐकत बसलेली वृद्ध राज्यकर्ती ही चित्रकाराला राष्ट्रमाता म्हणून ओळखूं येत नसावी. मांडीवर मूल नसलें कीं माता ओळखावयाची कशी, ही त्याची अडचण असेल.

राष्ट्रमातेला असें उंच बसविल्यावर हंसण्यासाठीं कोण उरतें? घरांतली बाई उरते. 'मनोरंजन' मासिकानें १९०९ सालीं पहिला दिवाळी अंक काढला, आणि त्यानंतरच्या शंभर वर्षांत दिवाळी अंकांनीं मराठी विनोदाला जें आश्रयस्थान दिलें त्याचें ऋण मोठें आहे. पण त्याच अंकांतून लाटणें उगारणारी बायको, शिकून चढून गेलेली सून, साडीच्या दुकानांत नवऱ्याचा खिसा रिकामा करणारी गृहिणी, ह्या बाहुल्या इतक्या वेळां नाचल्या कीं त्या वाचकांच्या अंगवळणीं पडल्या. मुखपृष्ठावर दीप घेतलेली देवी, आंत लाटणें घेतलेली बायको. ह्या दोघींच्या मध्यें जी साधी, कमावती, वर्तमानपत्र वाचणारी, पालिकेच्या नळावरून भांडणारी बाई असते तिला फारसें पान मिळालें नाहीं. शंकरराव किर्लोस्कर ह्यांचा येथें कृतज्ञतापूर्वक अपवाद केला पाहिजे. स्वतः चित्रकार असलेल्या ह्या संपादकानें 'टाकांच्या फेकी'ंतून रूढीवर आणि स्त्रीच्या दास्यावर रेषेनें प्रहार केले, आणि १९३० सालीं 'स्त्री' मासिक काढून त्याच बायकांना लिहितें केलें. हंसें कोणाचें करावयाचें हें त्यांना नीट समजलें होतें.

स्वराज्य आलें आणि पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठीं मतदारांच्या याद्या होऊं लागल्या. तेव्हां जें उघडकीस आलें तें कोणत्याही व्यंगचित्रापेक्षां तीव्र आहे. मुख्यतः उत्तरेकडील राज्यांत लाखों स्त्रियांनीं स्वतःचें नांव सांगितलेंच नाहीं. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढीच ओळख यादींत पडली. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन ह्यांनीं अशा नोंदी अमान्य केल्या आणि सुमारें २८ लाख स्त्रियांचीं नांवें, खरें म्हणजे त्यांच्या मुलांचीं व नवऱ्यांचीं नांवें, यादींतून कमी झालीं. माता म्हणून देशभर जयजयकार होत असतां नागरिक म्हणून माता गैरहजर. त्याच काळांत, १९५१ च्या सुमारास, मुंबईच्या 'टाइम्स'मध्यें आर. के. लक्ष्मण ह्यांचा 'कॉमन मॅन' अवतरला. चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा, आणि मौन. पंचोबाचा हा अबोल नातू प्रजासत्ताकाचा साक्षीदार झाला. १९८८ सालीं टपालाच्या तिकिटावर चढला आणि पुढें पुण्यास पुतळा होऊन उभा राहिला. त्याच्यावर आमचेंही प्रेम आहे. पण सामान्य माणूस म्हणून चित्र काढावयाचें ठरलें तेव्हां लक्ष्मणांसारख्या सूक्ष्मदृष्टीच्या कलावंतालाही धोतरच आठवलें, हें सांगितल्याशिवाय राहवत नाहीं.

मग एकदां असें झालें कीं देश आणि बाई ह्या दोन कल्पना एकाच देहांत येऊन बसल्या. इंदिरा गांधींना प्रथम राम मनोहर लोहियांनीं 'गुंगी गुडिया' म्हणून हिणवलें; १९७१ च्या युद्धानंतर त्याच दुर्गा झाल्या; आणि काँग्रेसचे अध्यक्ष देवकांत बरुआ ह्यांनीं तर इंदिरा म्हणजेच इंडिया असें जाहीर केलें. बाहुली किंवा देवी. मधली पायरी येथेंही नाहीं. व्यंगचित्रकारांना मात्र ह्या राष्ट्रदेवीला एक खरेंखुरें नाक सांपडलें, आणि लक्ष्मणांपासून सर्वांनीं त्याचा यथेच्छ उपयोग केला. आमच्या समजुतीप्रमाणें हिंदी व्यंगचित्रांतली ही मोठी मुक्तता होती. सत्ताधारी स्त्रीला सत्ताधारी पुरुषासारखें वागविणें हा तिचा मानच होय. तो मान तिला सोसला नाहीं, ही गोष्ट निराळी. १९७५ सालीं आणीबाणी आली, त्याच वर्षीं 'शंकर्स वीकली' बंद पडलें, आणि रेषांवरही तपासनीस बसले.

आतां १७७४ च्या त्या चित्राकडे वळूं. २०११ अखेरच्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनाच्या वेळीं असीम त्रिवेदी ह्या कानपूरच्या तरुण व्यंगचित्रकारानें कांहीं चित्रें मुंबईंत मांडलीं. त्यांतल्या एकांत तिरंगी साडींतली भारतमाता आहे. पुढारी आणि नोकरशहा तिला धरून ठेवीत आहेत आणि भ्रष्टाचार हा राक्षस तिच्यावर बलात्कार करण्यास सरसावला आहे. लॉर्ड नॉर्थच्या जागीं राक्षस. बाकी मांडणी जवळजवळ तीच. चित्रकाराला हें ठाऊक असण्याचें कारण नाहीं. जुनी कल्पना ठाऊक नसतांनाही हाताला येते, हाच तिच्या जोराचा पुरावा. सप्टेंबर २०१२ मध्यें त्याला राजद्रोहाच्या आरोपाखालीं अटक झाली. कलम तेंच, १२४-अ, ज्याखालीं टिळकांना १८९७ आणि १९०८ सालीं शिक्षा झाली होती. देशभर ओरड झाल्यावर सरकारनें आरोप मागें घेतला, आणि १७ मार्च २०१५ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें निकाल दिला कीं त्या चित्रांत विनोद नसला तरी भ्रष्टाचाराविषयींचा संताप आहे, हिंसेची चिथावणी नाहीं, आणि अशा चित्रासाठीं राजद्रोहाचें कलम लावतां येत नाहीं.

निकाल योग्य होता. चित्रकाराला तुरुंगांत घालणें हा निव्वळ आडदांडपणा होता, ह्याबद्दल आम्हांला तिळभर संदेह नाहीं. परंतु त्या दिवसांत झालेल्या वादांत एक पक्ष म्हणे राष्ट्राचा अपमान झाला, दुसरा म्हणे स्वातंत्र्याचा. बलात्कार हा शब्द उपमा म्हणून वापरतांना खऱ्या बाईचें काय होतें, हें विचारणारा आवाज फारच क्षीण होता. तीनच महिन्यांनीं, डिसेंबरांत, दिल्लीच्या रस्त्यावर जें घडलें त्यानंतर तीच उपमा पुन्हां काढण्याचें धैर्य कोणास झालें असतें? एका अर्थानें राजद्रोहाचा खटला भरणारे आणि तें चित्र काढणारा एकाच मुद्द्यावर सहमत होते. दोघांच्याही मतें स्त्रीचा देह म्हणजे देशाची अब्रू, आणि ती अब्रू राखणें हें पुरुषांमधलें भांडण.

ह्या भांडणाच्या बाहेर उभें राहून चित्रें काढणाऱ्या स्त्रिया आपल्याकडे फार उशिरां आल्या आणि अजूनही थोड्याच आहेत. माया कामत ह्या त्यांतल्या आरंभींच्या. मुंबईस १९५१ सालीं जन्मलेल्या ह्या बाईंनीं बंगळुरास एका कुटुंबाच्या घरगुती चित्रमालिकेपासून सुरुवात केली, आणि मग रोजच्या राजकारणावर लेखणी चालविली. मंत्री, पंतप्रधान, सेनापति कोणीच सुटले नाहींत. २००१ सालीं, पन्नाशींतच, त्या वारल्या. त्यांचीं हजारों चित्रें मुंबईच्या 'स्पॅरो' ह्या स्त्रीविषयक अभिलेखागारानें जपून ठेवलीं आहेत आणि निवडक चित्रांचें एक पुस्तकही काढलें आहे. वऱ्हाडांतून मुंबईस जाणाऱ्या आमच्या विद्यार्थिनींना आम्ही तीं पाहून यावयास सांगतों, आणि परत आल्यावर प्रथम एवढेंच विचारतों कीं त्यांत हंसूं कशाकशाचें आलें.